भागीकाकूंचा बेंड

टिक्. थोडी उसंत, मग पुन्हा टिक्, टिक्. तापलेलं लोखंड निवू लागलं की आक्रसतं, आणि आक्रसताना असा बारीक, कोरडा, काचेवर नखाने टिचकी मारल्यासारखा आवाज करतं. सकाळचे तास शिकवून मी कॉलेजातून परते त्या वेळी भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत इतर आवाज काही कमी नसत. बर्फाच्या टेम्पोची घरघर, घारींची शीळ, कुणाच्या तरी परसात ओढत नेलेल्या माडाच्या झापांची खरखर. पण आमच्या नि शेजारच्या अंगणामधल्या चिऱ्याच्या गडग्यापलीकडून ती टिकटिक सुरू झाली की मी हातातली पिशवी तशीच धरून उभी राही. शेजारच्या भागीकाकू मासे विकून फेरीवरून परतलेल्या असत. गाडीशेजारी पाटावर बसून, मांडीवर फडकं ठेवून, त्याही तेच ऐकत असत.

"बोलतोय अजून," त्या मला म्हणत. "बोलायचा थांबला की मग हात लावायचा. तापल्यावर पाणी मारलं तर निळा पडतो, नि मग तो डाग जन्माचा."

बोलणारा होता तो मोटारसायकलचा बेंड. इंजिनातून निघून, पावलाजवळ वळण घेऊन सायलेन्सरला मिळणारा वाकडा नळ. गॅरेजात त्याला बेंड म्हणतात, म्हणून काकूही तेच म्हणत. गाडीचा सर्वांत तापणारा अवयव तो, आणि पुढच्या चाकाने उडवलेला चिखल, वाळू, खारं पाणी सगळं पहिल्यांदा अंगावर घेणाराही तोच. रत्नागिरीच्या वाऱ्यात खिडक्यांचे गज फुगतात, कुलपं आतून मरतात, सायकलीची साखळी दोन पावसांत लाल भुकटी होते. तिथे ह्या बाईने एक नळ आरशासारखा ठेवला होता. वाकून पाहिलं तर त्यात आभाळ दिसे, माड दिसत, आणि ताणून लांबट झालेला आपला चेहरा.

मी कवितेच्या संगतीत वाढले. मासे विकणाऱ्या बाईसाठी तिथे शब्द तयार ठेवलेले असतात: सोशिक, कष्टाळू, दर्यासारख्या मनाची. मी ते एकेक काकूंना लावून पाहिले आणि एकेक गळून पडला. काकूंना काहीही सोसायची सवय नव्हती. पायाला घट्ट चप्पल नको, जेवणात करपलेली भाकरी नको, आणि कुणाचा शब्द तर मुळीच नको. अंगणात कुणी "बिचारी" म्हणालं, की त्या हातातलं काम थांबवून विचारत, "कोण गो? कोणाबद्दल बोलतेस?" आणि उत्तर मिळेपर्यंत नजर हलवत नसत.

बांध्याने बुटक्या, तळवे रुंद, उजव्या पोटरीवर भाजल्याची एक लांबट, चकाकणारी खूण. साडीखाली नवऱ्याची जुनी पँट, डोक्यावर हेल्मेट. घरी आल्यावर हेल्मेट काढलं की पहिल्यांदा अंबाड्यातली अबोली चाचपत. ती चुरगळली असेल तर दिवसाचा पहिला राग हेल्मेटवर निघे. पहाटे त्या माहेरी, पूर्णगडला जात. भावाच्या होडीवरचे मासे दोन टबांत भरून मागे बांधत आणि आतल्या वाड्यांतून विकत फिरत. त्या वाड्यांत बरीचशी माणसं मुंबईला. घरात सासवा, सुना आणि गुरं. काकूंची गाडी चढ चढू लागली की त्या बायका सुपं घेऊन पायरीवर येत.

गाडी खरी सदाकाकांची. सदाकाका म्हणजे काकूंचे यजमान. उंच, अबोल, आयुष्यभर बोटीवर खलाशी. जाळं ओढणाऱ्या यंत्राच्या दोरात त्यांचा उजवा पंजा सापडला आणि बोटं मिटायची थांबली. मोटारसायकलची मूठ पिळायला नि ब्रेक दाबायला तोच हात लागतो. गाडी पडवीत उभी राहिली. ओहोटी लागली की भाट्याची वाळू फरसबंदीसारखी घट्ट होते. तिथे काकू भावाला मागे बसवून गाडी शिकल्या, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई साडी खोचून वाळूत गोल गोल फिरताना पाहून लोकांनी हसून घेतलं.

हसले नाहीत ते तात्या. काकूंचे मोठे दीर. घर एकच, चूल वेगळी, पण अंगण त्यांच्या हुकमातलं. एका संध्याकाळी अंगणात जो निवाडा झाला तो गडग्याअलीकडे दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना मला सबंध ऐकू आला.

"गाडी भंगारात घालूया," तात्या म्हणाले. "सदाला आता जमायचं नाय."

"मला जमतंय," काकू म्हणाल्या.

"घरातली बाय पुरुषाच्या गाडीवर बसून गावोगाव फिरणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मासे ताजे हायत."

सदाकाका उठून आत गेले. ते नेहमीच जात. काकूंनी किक मारली की ते टीव्हीचा आवाज वाढवत. आपली गाडी दुसऱ्या कुणाच्या पायाने सुरू होते हे त्यांना ऐकवत नसे. तात्यांनी छत्रीच्या टोकाने बेंडवर टकटक केलं. वाळूतल्या फेऱ्यांनी त्यावर तांबूस ठिपके उमटले होते.

"हा बघ. खाऱ्या वाऱ्याने धरलाय. ह्या गाडीचे पार्ट आता मिळत नायत, कंपनीने गाडीच बंद केली. हा फुटेल त्या दिवशी गाडी माझ्या अंगणातून भंगारात. तवर फिरव काय फिरवायची ती."

काकूंनी उत्तर दिलं नाही. त्या घरात गेल्या आणि बोटीवरच्या डिझेलची बाटली नि फडकं घेऊन बाहेर आल्या. अंगणातल्या सगळ्यांनी मान हलवली. करार झाला, असं समजून माणसं पांगली. पुढच्या पावसाळ्यानंतर गाडी जाणार, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

त्यानंतर तो नळ म्हणजे काकूंचा मुलूख झाला. तो टिकेल तोवर त्यांचा रस्ता त्यांचा होता. तो फुटला की पुन्हा मासळीबाजारातला ओटा, कोयता आणि बसस्टँडवर टोपली घेऊन वाट पाहणं.

पहिली लढाई त्या हरल्या, आणि हरल्या त्या घराण्याच्या शहाणपणामुळे. होडी किनाऱ्यावर ओढली की तिची कूस खरवडतात आणि लाकडाला माशाचं तेल पाजतात. मग मीठ आत शिरत नाही. काकूंनी तोच न्याय लावला. बेंड घासून कोरडा केला, आणि पूर्णगडहून आणलेलं मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, लिवराचं तेल त्याला दोनदा चोपडलं. बेंड मधासारखा चमकू लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी किक मारली आणि थोड्याच वेळात गल्लीभर निळा धूर नि तळलेल्या माशाचा असा दरवळ पसरला, की मी उठून स्वयंपाकघरात गॅस बंद आहे का ते पाहिलं. दारादारांतून माणसं बाहेर आली. गल्लीतली मांजरं तर आधीच आली होती. ती गाडीभोवती बसून वर पाहत होती.

"भागीरथी, न्याहारीला काय, बांगडे?" तात्यांनी पडवीतून विचारलं.

"मुशी," काकू म्हणाल्या. "तुमच्यासाठी ठेवू?" आणि धुराच्या लोटासह, पाठीमागे मांजरं घेऊन, त्या भाट्याच्या पुलाकडे निघून गेल्या. परत आल्या तेव्हा जळलेल्या तेलाचं काळं कातडं बेंडवर घट्ट बसलं होतं. ते निघायला पुरा पंधरवडा गेला. पण आपण चुकलो, असं म्हणताना मी त्यांना ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "लाकूड तेल पितं. लोखंड पीत नाय. बरं झालं, कळलं."

मग त्यांनी आपली रीत स्वतः बसवली. फेरीहून आल्यावर टिकटिक थांबेपर्यंत बसायचं. मग विहिरीचं गोडं पाणी, तेही धारेने. कारण मीठ पुसलं तर ओरखडे उठतात, ते आधी विरघळून गेलं पाहिजे. चिखल बसला असेल तर नारळाच्या सोडणाचा मऊ काथ्या. चिकट काळ्यासाठी डिझेलचं फडकं. गंजाच्या ठिपक्यावर आमसूल, तांब्याच्या कळशीला लावतात तसंच, पण मीठ न लावलेलं. आणि लावल्यावर लगेच धुवायचं, आंबटाला वस्तीला ठेवायचं नाही. मग कोरडं फडकं, मग थोडं इंजिन चालवून आतलं पाणी उडवायचं. जिथे मुलामा गेलाच होता तिथे गॅरेजातला उष्णता सोसणारा चंदेरी रंग. तो लावल्यावर गाडी जराशी तापवायची, निववायची, पुन्हा तापवायची, म्हणजे रंग भाजून पक्का होतो. शेवटी उघड्या बोटाने स्पर्श करायचा नाही. बोटाचं तेल पुढच्या फेरीत भाजतं आणि ठसा उमटतो. मी एकदा कौतुकाने हात पुढे केला तर त्यांनी फडक्याने माझ्या मनगटावर चापट मारली. "डोळ्यांनी बघ गो बाय. डोळ्यांचा ठसा उमटत नाय."

पुढच्या मडगार्डला त्यांनी बोटीवरच्या फाटक्या गमबुटाचं रबर कापून लोंबतं बांधलं होतं, चाकाचं पाणी बेंडवर येऊ नये म्हणून. दिसायला ते विचित्र दिसे, गाडीने जीभ बाहेर काढल्यासारखं. पेट्रोलपंपावर कुणी पोरगेला माणूस म्हणाला, "काकू, हे काय लटकवलंय?" तर काकू म्हणाल्या, "तुझ्यासारख्यांना दाखवायला."

तात्या दर रविवारी छत्री घेऊन येत आणि बेंडवर टकटक करत. पाऊस असो वा नसो, छत्री असेच. आवाज भरीव आला की त्यांचा चेहरा किंचित उतरे.

"वाजवा, वाजवा," काकू म्हणत. "देवळात जायला नको तुम्हाला." आणि ते वळले की छत्रीच्या टोकाची जागा पुसून काढत.

एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणखीही गेले. शेजारच्यांच्या नव्या गाड्यांचे बेंड तांबडे झाले. ते लोक आता गडग्यापाशी येऊन आमसूल किती वेळ ठेवायचं ते विचारू लागले. काकू सांगत, पण फडकं हातात देत नसत.

आणि मग सदाकाका हलले. त्यांच्या मनात काय फिरलं ते मला ठाऊक नाही; त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायचा मला हक्क नव्हता. एका संध्याकाळी पाहिलं तर ते अंगणात गाडीशी पाटावर बसले होते, काकूंच्या जागेवर. मुंबईहून येणाऱ्या कुणा चाकरमान्याबरोबर त्यांनी एक फीत मागवली होती. जाड, विणलेली, राखी रंगाची. शर्यतीच्या गाड्यांच्या बेंडला गुंडाळतात ती. बोटीवर दोर जिथे घासतो तिथे त्यावर चिंध्या आवळून गुंडाळतात, म्हणजे दोर झिजत नाही. सदाकाका ती फीत तशीच गुंडाळत होते. डाव्या हाताने ओढ, उजव्या न मिटणाऱ्या पंजाने दाब, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला. घाम त्यांच्या नाकावरून टपकत होता. काकू दारात उभ्या होत्या, पुढे येत नव्हत्या, मदत करत नव्हत्या. शेवटची गाठ दातांनी आवळून ते म्हणाले, "आता पाऊस लागायचा नाय."

काकूंनी त्या पावसाळ्यात बेंडला हात लावला नाही. त्यांना घासायची सवय सोडवेना, फडकं घेऊन बसत आणि टाकी पुसून उठत. पण नवऱ्याने बांधलेलं सोडायचं त्यांच्या मनात आलं नाही. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्या गाडीसंबंधाने त्यांना मिळालेली ती एकच भेट होती.

फितीने पाऊस अडवला नाही, साठवला. खारा चिखल वेढ्यांत मुरला, उष्णतेने वाफाळला, पुन्हा मुरला. उघडं असतं तर दिसलं असतं; झाकलेलं होतं म्हणून कुणाला दिसलं नाही. नारळीपौर्णिमेच्या आसपास एका सकाळी पुलावरून गाडीचा आवाज आला तो ओळखू येईना. फट्, फट्, फटाफट्, कुणी पत्र्याच्या डब्यात फटाके लावावेत तसा. अंगणात येऊन काकूंनी फीत सोडली. फितीबरोबर मुलामाही आला, खवल्यांसारखा, आणि खाली लोखंडाचे पापुद्रे. वळणाच्या पोटाशी अंगठा जाईल एवढं भोक.

सदाकाका पाहत राहिले. त्यांचा पंजा मांडीवर उताणा पडला होता.

"होडीला चाललं असतं," काकू त्यांना म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी सदाकाकांच्या नाकावरचा घाम आपल्या पदराने टिपला. हे मी गडग्यावरून पाहिलं आणि पुढचं पाहणं बरं नव्हे म्हणून आत आले.

गॅरेजवाल्याने वेल्डिंगची ज्योत लावली तर भोक मोठं झालं. "काकू, कागद झालाय हा. धरत नाय. दुसऱ्या गाडीचा बसायचा नाय. समुद्रापासून लांब, वर डोंगरात कुणाच्या पडवीत अशीच गाडी पडून असली तर तिचा बेंड काढता येईल. पण ती शोधणार कोण?"

बातमी तात्यांपर्यंत गेली. त्यांनी भंगारवाल्याचा टेम्पोच बोलावला. गल्ली गोळा झाली. मीही होते, ह्या वेळी गडग्याअलीकडे नव्हे, अंगणात.

"शब्द म्हणजे शब्द," तात्या म्हणाले. "बेंड फुटला. गाडी जाणार."

"कोणाचा शब्द?" काकूंनी विचारलं.

"तुझा. ह्याच अंगणात ठरलं."

"मी काय बोलले होते? आठवून सांगा."

तात्यांनी छत्रीचं टोक जमिनीत रोवलं. "बोलली नायस. गप्प राहिलीस. म्हणजे कबूलच की."

"मी डिझेलची बाटली आणायला आत गेले होते, भावोजी," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या घरात बाय गप्प बसली की कबूल, हे तुमचं तुम्ही ठरवलंत. माझ्या तोंडातून जे गेलं नाय ते माझं नाय. बेंड मी राखला तो तुमच्या भीतीने नाय राखला. माझ्या गाडीचा होता म्हणून राखला."

"तुझी गाडी? अगो, गाडी तर सदाची..."

काकूंनी किक मारली. त्या फुटक्या बेंडमधून जो आवाज निघाला त्याने माडावरचे कावळे उठले. तात्यांचं तोंड हलत राहिलं, शब्द ऐकू येईना. काकूंनी मूठ सैल केली. तात्यांनी पुन्हा सुरुवात केली, "सदाची गाडी आणि माझं अंगण..." आणि काकूंनी पुन्हा मूठ पिळली. असं तीन-चारदा झालं. तात्या तोंड उघडत, गाडी गरजे. ते मिटत, गाडी पुटपुटे. टेम्पोवाला हसू लागला, मग गल्ली हसली. वर्षानुवर्षं जिने आपली गाडी मांजरीसारखी मऊ घुरघुरत ठेवली, ती बाई आता त्या भोकातून सगळ्यांना ऐकवत होती. धुराचा कच्चा, झोंबरा वास डोळ्यांत गेला. मी डोळे पुसले नाहीत.

दारात सदाकाका उभे होते. घरात टीव्ही बंद होता.

टेम्पो रिकामा गेला. तात्या त्या दिवसापासून छत्री घेऊन अंगणात आले नाहीत, आणि काकूंशी बोललेही नाहीत. काकूंनी त्याचं दुःख केल्याचं दिसलं नाही. त्या बेंडच्या मागे लागल्या. मोबाइलवर गाडीचा फोटो काढून फिरतीवरच्या प्रत्येक घरी दाखवू लागल्या. मासे घेणाऱ्या त्या बायकांची माहेरं, त्यांच्या बहिणींची सासरं जिल्हाभर पसरलेली. सुपात मासे टाकताना काकू म्हणत, "तुझ्या माहेरी विचार. पडवीत, गोठ्यात, कुठंपण. अशीच गाडी, डोंगरातली." फोटो या घरून त्या घरी, या तालुक्यातून त्या तालुक्यात, पार वर मंडणगडच्या डोंगरापर्यंत फिरला. गाडी तशीच फटफटत राहिली. लोक रस्त्यावर कान झाकत, आणि काकू त्यांना हात करत पुढे जात.

भाद्रपदात माझी बदली झाली. सामानाचा ट्रक उजाडायच्या सुमाराला दाराशी लागला होता, चिऱ्यांवर रात्रीच्या पावसाची ओल होती आणि पुस्तकांच्या खोक्यांना ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. मी निरोप घ्यायला काकूंच्या अंगणात गेले तर अंगण रिकामं. परत वळते तोच गल्लीच्या तोंडाशी तो फुटका आवाज उठला. मी धावत गेले.

गाडी रोजच्या पूर्णगडच्या वाटेकडे, पुलाकडे, पाठ करून उभी होती. मागे माशांचे टब नव्हते. टबांच्या जागी सदाकाका बसले होते, धुतलेला सदरा घालून, पान्यांची पिशवी छातीशी धरून. त्यांचा तो न मिटणारा पंजा काकूंच्या खांद्यावर उघडा टेकला होता. काकू हेल्मेटचा पट्टा अडकवत होत्या आणि अबोली सांभाळत होत्या. मी काय काय बोलणार होते, ते त्या आवाजात सांगण्यासारखं नव्हतं. मी ओरडून एवढंच विचारलं, "कुठे निघालात?"

काकूंना ऐकू गेलं नाही. सदाकाकांना गेलं. इतक्या वर्षांच्या शेजारात ते माझ्याशी क्वचितच बोलले असतील. ते माझ्याकडे वाकले आणि त्या गर्जणाऱ्या गाडीवरून, सगळ्या गल्लीला ऐकू जावं अशा बोटीवरच्या आवाजात म्हणाले, "मंडणगड."